डिक्कीतला ठोका

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की उठावंसं वाटतं, आणि उठलो की कुठे जायचं ते कळत नाही. घर खायला उठतं म्हणतात ते काही खोटं नाही. ही माहेरी गेल्यापासून स्वयंपाकघरात एकच पातेलं वापरात आहे. तेच गॅसवर, तेच पुढ्यात, तेच विसळून पालथं.

हिची तब्येत ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी पलंग सोडायचा नाही असं बजावलंय, फक्त तपासणीपुरतं बाहेर. सासूबाई पहाऱ्याला आहेत, त्यामुळे तीही काळजी नाही. पण हिने आम्हा सगळ्यांवर घातलेली बंदी दिवसेंदिवस कडक होत चालली आहे. नाव सुचवायचं नाही, कपडा आणायचा नाही, पाळण्याचा विषय काढायचा नाही. कोणी तारीख विचारली तर हवापाण्यावर बोलायचं. मागच्या खेपेला आपण सगळं आणून मांडून ठेवलं होतं आणि मग ते तसंच बांधून परत द्यावं लागलं, ते हिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्याही हलत नाही. म्हणून मी बंदी पाळतो. पण ताई, हातांना काय सांगू? कामावर दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो तोवर ठीक असतं. घरी आलो की हात नुसते शिवशिवतात.

आता मुद्द्याचं. रविवारी हिच्याकडे जाताना रस्ताभर गाणी लावतो. आमच्या गाडीचा कंपनीने दिलेला स्टिरिओ तू ऐकलेला आहेस. बोलणं स्वच्छ, गाणं मात्र सर्दी झाल्यासारखं. आणि त्याची एक खोड मला आत्ता कळली. आवाज जसजसा वाढवावा तसतसा खालचा ठोका गायब होतो. दुकानदार त्याला बेस म्हणतो. मी ठोका म्हणतो, कारण तो कानापेक्षा छातीला आधी कळतो. दारातले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनीने तो मुद्दाम दाबलेला असतो म्हणे. म्हणजे जितका मोठा आवाज, तितका आतून पोकळ. मला ते सहन होईना. तेव्हा सबवूफर बसवायचा ठरवला आहे. एक मोठा स्पीकर, त्याचं लाकडी खोकं आणि त्याला जोर देणारा अँप्लिफायर. स्टिरिओ कंपनीचाच राहील, बाकी सगळा संसार डिक्कीत. बसवणार मीच. हिला यातलं काही माहीत नाही, एकदम ऐकवूनच चकित करायचं आहे, तेव्हा तूही तोंडाला कुलूप लाव.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढाच असू दे, वाढला तर तू इथे येशील आणि माझं स्वयंपाकघर बघशील.

तुझा,
खुटखुट्या


९ फेब्रुवारी

चि. खुटखुट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनऐवजी पत्रच लिहिलंस ते शहाणपणाचं केलंस. फोनवर तुझं माझं दुसऱ्या वाक्याला वाजतं. आईची रीतच बरी होती. घरात आवाज चढला की ती आपल्या दोघांपुढे एकेक कागद टाकायची आणि सांगायची की तोंडं मिटा, काय ते लिहून द्या. लिहिता लिहिता निम्मं भांडण विसरायला व्हायचं. उरलेलं निम्मं तुझ्या अक्षरामुळे कोणाला वाचता यायचं नाही.

तू ठोक्यासाठी गाडी उकरायला निघालास हे वाचून तुझे भाऊजी झोपेतून उठून हसले आणि परत झोपले. मला मात्र नवल वाटलं नाही. लहानपणी तू घड्याळ उघडलंस, मग इस्त्री उघडलीस, आणि त्या इस्त्रीने माझ्या शाळेच्या गणवेशाला जे भोक पडलं ते घेऊन मी वर्षभर हिंडले. बाकी ठोका मी इथे रोज ऐकते आणि त्याचा मला पगार मिळतो. आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत मोठ्या यंत्रात ओल्या चादरी एका बाजूला गोळा झाल्या की ते असं थडथडतं की जागचं सरकत सरकत दारापर्यंत येतं. तुला हवाच असेल तर इथे येऊन खुर्ची टाकून बस.

थट्टा पुरे. तुझ्या पत्रात स्टिरिओला पानभर आणि बायकोला चार ओळी, हे मला आवडलेलं नाही. तिचं नीट लिहीत जा. मी तिला पत्र लिहायला घेते आणि फाडून टाकते. तब्येत विचारली तर तिची बंदी मोडते, न विचारली तर माणुसकी मोडते. मग काय लिहू, हवापाणी? त्यापेक्षा गप्प बसलेली बरी, म्हणून गप्प बसते. पण मला ते जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

आणि एक सांगून ठेवते. मागच्या वेळी मला सगळ्यांत शेवटी कळलं. तुम्ही मला त्रास नको म्हणून लपवलंत, आणि तोच त्रास मी अजून गिळलेला नाही. आनंदाची बातमी महिनाभर उशिरा कळव, मी रागावणार नाही. पण तसलं काही असेल तर आधी मला कळव. पत्र सुचलं नाही तर दोन ओळींचं कार्ड टाक. मी समजून घेईन.

जेवत जा. पातेलं आणि ताट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आशीर्वाद तुला फुकट मिळतात म्हणून कमी समजू नकोस.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बोलण्याप्रमाणे आधी हिचं लिहितो. वजन वाढलं आहे, पायांना थोडी सूज आहे, झोप लागत नाही. पडून पडून पाठ अवघडते म्हणून ती सासूबाईंवर चिडते आणि सासूबाई माझ्यावर. मागच्या तपासणीला मी सुट्टी काढून गेलो होतो. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र लावून ठोके ऐकवतात ना, तेव्हा ही डोळे गच्च मिटून घेते आणि माझी बोटं इतकी आवळते की दुसऱ्या दिवशी मला काच धरता येत नाही. ठोके लागले की बोटं सोडते. मग चप्पल घालून थेट बाहेर. घरी येईपर्यंत अक्षर बोलत नाही, आणि मीही बोलत नाही. ठोके लागेपर्यंतचा तो वेळ मला सोसत नाही. हे तिला मी सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

आता गाडीचं. बॅटरीपासून जाड तार काढली, तिला फ्यूज बसवला आणि पायाजवळच्या पत्र्यात एक रबरी बूच असतं त्यातून ती आत घेतली. ती आत ढकलताना कोपर सोललं. दारांच्या पट्ट्यांखालून ती डिक्कीपर्यंत नेली. मागच्या स्पीकरच्या तारांना एक छोटी डबी जोडून तिथून गाणं उचललं, म्हणजे कंपनीच्या स्टिरिओला पत्ताही नाही की आपल्या मागे हा उद्योग चालला आहे. शेवटी अर्थची तार डिक्कीतल्या बोल्टला आवळली आणि सुरू केलं. ठोका आला. पण त्याच्याबरोबर गाडीतली प्रत्येक सैल वस्तू बोलायला लागली. नंबरप्लेट खडखडते, दाराचा कप्पा कुरकुरतो, मागच्या काचेखालची फळी दात वाजवल्यासारखी वाजते. रोज संध्याकाळी एकेकाच्या खाली नमद्याचे, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचे, तुकडे चिकटवतो. एक गप्प केलं की दुसरं सुरू. आणि ॲक्सिलरेटर दाबला की सबवूफरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो, पाय दाबावा तसा तो चढतो. त्याच्या मागावर आहे.

शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारलं की हे काम संपणार कधी. ताई, खरं सांगू का, मला ते संपायला नको आहे. संपलं की मी काय करू? घरात येरझारा घालतो, गाडीत बसतो, परत वर येतो. मला फार भीती वाटते. मागच्या वेळी वाटली नव्हती, तेव्हा काही माहीतच नव्हतं.

पण ठोका मात्र फर्मास लागला आहे. पुढच्या रविवारी नाहीतर त्यापुढच्या, हिला ऐकवणार. माया अशीच पातळ न करता असू दे.

तुझा,
खुटखुट्या


४ मार्च (कार्ड)

ती. ताईस,
सा. न. घाईत दोन ओळी. कालपर्यंत सगळं उत्तम होतं. आज अचानक ठोके बंद पडले. दोनदा तपासून पाहिलं, काहीच नाही. आता उघडूनच बघावं लागणार. जीव नुसता तळमळतोय, इतक्या दिवसांचं वाट बघणं. हिला अजून काही सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. सविस्तर मागाहून.

तुझा,
खुटखुट्या


९ मार्च

चि. खुटखुट्यास,
चि. लिहिलं आहे ते हाताच्या सवयीने. आशीर्वाद या खेपेस जरा थांबव म्हटलं होतं मनाला, पण तेही सवयीनेच दिले समज.

तुझं कार्ड लाँड्रीच्या पत्त्यावर आलं. इस्त्रीच्या रुळाजवळ उभी राहून वाचलं आणि समोर धुवायच्या चादरींचा ढीग होता त्यावर बसले. बरोबरच्या बायकांना वाटलं चक्कर आली. तुला फोन लावत राहिले, तर तू आत काचा घासतोयस आणि फोन बाहेर कपाटात. तिला फोन करायची छाती होईना. तूच लिहिलं होतंस ना, बोलू नकोस. शिवाय कार्डावर तारीख जुनी. म्हणजे तुम्ही परत मला मागे ठेवलंत, असं मनात आलं. तिच्या माहेरची मिळाली ती बस पकडली. रस्ताभर ठरवत होते की दारात गेल्यावर काय बोलायचं, आणि काही ठरेना. बस थांबली की मी उठायची, सुरू झाली की बसायची. शेजारच्या बाईने शेवटी मला खिडकी देऊन टाकली.

विहीणबाई न्हाणीघरात होत्या, म्हणून दार तिने उघडलं. पलंग सोडून, भिंतीला धरून. माझं तोंड बघितलं आणि तिचा रंगच उडाला. तिने विचारलं की डॉक्टरीणबाईंनी तिच्यापासून लपवून आम्हाला काही सांगितलं आहे का. मी नाही म्हटलं. मग अशा अवेळी का आलात, म्हणाली. मला खोटं बोलता येत नाही आणि कार्ड माझ्या मुठीतच होतं. तिने ते काढून घेतलं आणि वाचलं. दोन्ही हात पोटावर ठेवले. मग इतकंच म्हणाली की सकाळपासून हालचाल जाणवली की नाही ते तिला आठवत नाहीये.

त्यानंतर आम्ही तिघी दवाखान्यात कशा पोचलो ते मला सांगता येणार नाही. विहीणबाईंच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं. आधी नुसती खरखर. मला हात धरायला जागा मिळाली नाही, म्हणून मी तिचं पाऊल धरून उभी होते. खरखर, खरखर, आणि मग लागले. चांगले धावत होते, घोडा सुटल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी न सांगता आवाज मोठा केला. ती रडत होती, मी रडत होते. पण डोळे तिने मिटले नव्हते, हे तुला मुद्दाम कळवते.

सगळं निवल्यावर डॉक्टरीणबाईंनी कार्ड मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि विचारलं की नवरा दुसऱ्या गावी बसून यांचे ठोके तपासतो कसा. मग तुझ्या बायकोने माझ्याकडे वळून, अगदी सावकाश, विचारलं की हा संध्याकाळी हल्ली नेमकं करतो तरी काय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिक्की. तुझं गुपित मी तिथेच, दवाखान्याच्या खोलीत, फोडलं. त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

त्या दिवशी तू हाताशी असतास तर मी काय केलं असतं देव जाणे. परतीच्या बसमध्ये मात्र एक कळलं, ते लिहून टाकते. तुझ्यावर चिडले ती कार्डामुळे. पण घाबरलेली मी कार्डाच्या आधीपासूनच होते, महिनोन्‌महिने, आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. थट्टा करत बसले.

यापुढे तुला कार्ड बंद. लिफाफ्यातच लिहायचं, आणि सुरुवातीला विषय घालायचा: गाडी की माणूस. राग उतरला की आशीर्वाद दुप्पट करून पाठवीन.

तुझी,
ताई


१६ मार्च

विषय: माणूस. थोडी गाडी.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग या वेळी खरोखरचा, आडवा पडून घातला आहे असं समज.

तुझी माफी कशी मागू ते कळत नाही. कार्ड टाकलं तेव्हा मला खरंच जगबुडी झाल्यासारखं वाटत होतं. खोटं वाटेल, पण त्या खोक्यातून आवाज आला नाही तेव्हा मी तिथेच खाली बसलो. ते नुसतं खोकं आहे हे कळत होतं, तरी उठवेना. त्याच तिरमिरीत लिहिलं, आणि ज्या शब्दाची सवय झाली होती तोच शब्द पडला. परत वाचून पाहिलं नाही.

कामावरून सुटलो आणि फोन बघितला तर तुझं, सासूबाईंचं, हिचं, सगळ्यांचं नाव ओळीने. तसाच निघालो. हिने मला पलंगासमोर स्टुलावर बसवलं आणि माझंच कार्ड मला मोठ्याने वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग ती हसायला लागली. इतकी हसली की सासूबाई आतून ओरडल्या. हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली की मागच्या खेपेनंतर ती कोणापुढे रडलीच नव्हती. तेव्हा मी तिला सांगितलं, ठोके लागेपर्यंत माझं काय होतं ते. तिला वाटत होतं मी तिच्यासाठी धीराचा उभा असतो. तिने माझी बोटं बघितली आणि म्हणाली की आता हलकी धरीन.

गाडीचं एवढंच, की चूक माझीच होती. अर्थची तार बोल्टला आवळली, पण खालचा रंग खरवडला नव्हता. रंगावर तार कशी धरणार? आधी डास गुणगुणला, मग ती सैल होऊन ठोकाच गेला. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तार परत बसवली, ठोका परत आला, डास गेला.

रविवारी डॉक्टरीणबाईंना विचारून हिला अंगणात गाडीपर्यंत आणलं. पाच मिनिटं मागच्या सीटवर उशी घेऊन बसली. मी हळू आवाजात लावलं. तिने वाढव म्हटलं. मग कमी कर म्हटलं. मग परत वाढव म्हटलं, आणि माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून धक्का बसला, चांगला सणसणीत. थोड्या वेळाने तिने शेरा दिला की नंबरप्लेट अजून वाजते आहे.

राग उतरला असेल तर दुप्पट आशीर्वादाची वाट बघतो. नसेल तर आहे त्यात भागवीन.

तुझा,
खुटखुट्या


२८ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मी आजवर पत्र लिहिलेलं नाही. तुमच्या घरात भांडायचं असलं की लिहितात असं ऐकलं आहे. मला भांडायचं नाही, पण तोंडाने सांगता येणार नाही असं काही आहे.

ते कार्ड माझ्यापाशी आहे आणि मी ते तुमच्या भावाला परत देणार नाही. आयुष्यभर पुरेल असं हत्यार हातात आलं आहे. आता तो मोठ्या आवाजात बोलला की मी उशीखाली हात घालते, की आवाज लगेच खाली येतो.

त्या दिवशी दार उघडलं आणि तुमचं तोंड दिसलं, ते मी विसरणार नाही. मला वाटत होतं की सगळ्यांना गप्प बसवलं, काही आणू दिलं नाही, काही बोलू दिलं नाही, तर माझ्याकडून काढून घ्यायलाही काही उरणार नाही. मी माझ्यापुरती कडी लावून बसले होते. आणि बाहेर तुम्ही सगळे एकेकटे घाबरत होता. तुम्ही चादरींमध्ये, तो डिक्कीत, आई देवासमोर. दवाखान्यात तुम्ही माझं पाऊल धरलं होतं ना, ते इतकं आवळलंत की बोटं उमटली. मला तेव्हा पहिल्यांदा जरा बरं वाटलं. घाबरायला सोबत लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणतात आता उठायला, थोडं फिरायला हरकत नाही. दिवस जवळ आलेत. भीती गेलेली नाही. रोज सकाळी उठल्यावर आधी हात पोटावर जातो. पण तुम्ही येताना काही आणलंत तर मी आता नको म्हणणार नाही. रंग तुम्हीच ठरवा, तुमच्या भावाला विचारू नका.

काल तो आला तेव्हा मी अंगणात उभी होते. डिक्की उघडून नवीन चिकटवलेला नमदा दाखवत होता. मी म्हटलं की हे खोकं आता काढ. त्याचा चेहरा पडला. आवाज आवडला नाही का, म्हणाला. मी सांगितलं की आवाज छान आहे, पण बाळाची गाडी कुठे ठेवायची, बाळाची गादी कुठे, आणि बाळाच्या कपड्यांची बॅग कुठे मावणार. एका दमात तीनदा बाळ म्हणून गेले, माझं मलाच नवल वाटलं. त्याने मान हलवली, स्क्रूड्रायव्हर आणतो म्हणून घरात गेला, आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आई बघायला निघाली होती. मी तिला थांबवलं.

कळावे. लोभ आहे हे दारातच कळलं होतं, तो घेऊन लवकर या.

तुमची,
भावजय